गल्लीतला फोटो आणि भडक एडिटिंग: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

हा लेख कुणासाठी, ते आधी सांगतो. तुम्ही खडेबाजारात, गणपत गल्लीत, निपाणीच्या नाहीतर खानापूरच्या बाजारात न सांगता न सवरता माणसांचे फोटो काढताय, म्हणजे कँडिड, आणि आता त्याच्यावर जरा जोरात प्रोसेसिंग करून बघायचंय. काळंकुट्ट ब्लॅक अँड व्हाइट, रंग उडालेला लूक, हिरवट-पिवळट जुन्या फिल्मसारखा लूक, पावसातलं धुकट काहीतरी. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ हायत त्याचे, खरं त्यातले बहुतेक टोकियो नाहीतर न्यूयॉर्कच्या निऑन लाइटमध्ये काढलेले असतात आणि तेच प्रीसेट (तयार ठेवलेलं एडिटचं सेटिंग) इथल्या दुपारच्या उन्हात, लाल मातीत, निळ्या ताडपत्रीखाली लावलं की माणूस काविळीचा पेशंट दिसतो. इथला उजेड वेगळा, इथल्या माणसांच्या कातडीचा रंग वेगळा, आणि इथं रंगांना अर्थ पण वेगळे चिकटलेत, त्यावर पुढं सविस्तर येतो.

एक गोष्ट पक्की करून घ्या. सातव्या-आठव्या पायरीतले अपवाद सोडले तर उजेड आणि रंगाशी कितीही खेळा, कुणाचं काय जात नाही. माणूस, त्याची जागा, त्याच्या हातातली वस्तू, मागचा बोर्ड, हे मात्र जिथल्या तिथं राहू द्या. सगळा लेख ह्याच्याच भोवती फिरतो.

१. काय काय लागेल

लई काही लागत नाही. ही यादी बघा.

- कॅमेरा किंवा फोन, फक्त रॉ फाईल (सेन्सरनं टिपलेला, प्रोसेस न केलेला कच्चा फोटो) काढता आली पाहिजे. बऱ्याच फोनांत प्रो मोडमध्ये रॉचा पर्याय लपलेला असतो, डीएनजी नावानं. एकेक फाईल २० एमबीच्या पुढं जाऊ शकते, म्हणून जागा मोकळी ठेवा.
- कॅमेरा असेल तर जास्तीची बॅटरी. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि सुका रुमाल.
- एडिटिंगला फोनवर स्नॅपसीड, फुकट हाय आणि डीएनजी उघडतं. लाइटरूम मोबाइल पण चालतंय, खरं रॉ एडिट आणि मास्क (फोटोचा एकच भाग निवडून तेवढाच बदलायची सोय) ह्याला पैसे भरावे लागतात. कॉम्प्युटर असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, आणि लेयरचं काम करायला गिंप. तिन्ही फुकट.
- ओळखपत्र. कॉलेजचं असूदे नाहीतर आधार. कुणी विचारलं कोण रे तू, तर दाखवायला बरं.
- मोबाइलमध्ये तुमचे स्वतःचे पाच-सहा चांगले फोटो सेव्ह करून ठेवा. ओळखपत्रापेक्षा ह्याचा उपयोग जास्त होतोय. "काय करतोस ह्या फोटोचं?" असं मावशीनं विचारलं की स्क्रीन पुढं करायची.

रॉ का, तर साधं गणित हाय. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या. १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६३८४. हलकं एडिट करायचं असेल तर २५६ मध्ये भागतंय, खरं आपण कर्व्ह (सावली आणि उजेड वर-खाली करायची रेघ) वाकडातिकडा करणार, सावल्या वर ओढणार, तेव्हा जेपेगमधल्या आकाशात पट्टे पडतात आणि सावलीत चौकोनी डाग दिसायला लागतात. नंतर ते कशानं जात नाहीत.

२. उजेड बघून जागा निवडा

नवखी पोरं गर्दी बघून जागा निवडतात. जोरात प्रोसेसिंग करायचं असेल तर आधी उजेड बघा, गर्दी नंतर.

गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली ह्या भागात रस्ते अरुंद आणि दुकानांच्या पुढं पत्रे, ताडपत्र्या. सकाळी उन्हाची तिरीप एका बाजूनं येते आणि रस्त्याचा अर्धा भाग पूर्ण सावलीत. काळंकुट्ट ब्लॅक अँड व्हाइट करायला ह्याच्यासारखी जागा नाही, कारण कॉन्ट्रास्ट आधीच तिथं हाय, तुम्ही फक्त पुढं ढकलायचा. उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला उभं राहा, एक्स्पोजर उन्हाला लावा आणि कोण चालत येतंय त्याची वाट बघा.

ताडपत्रीचं मात्र जपून. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या अक्काचा चेहरा निळा होतो, केशरी ताडपत्री असली तर सगळंच केशरी, टोमॅटो पण आणि माणूस पण. डोळ्याला ते कळत नाही कारण डोळा सवय करून घेतो, कॅमेरा घेत नाही. अशा फोटोवर रंगीत लूक लावायला गेलात की चिखल होतोय. दोनच रस्ते: नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट करा, नाहीतर तो निळाच रंग फोटोचा विषय करून टाका आणि बाकी सगळे रंग दाबा.

रविवार पेठेत होलसेलचा धंदा, पोती, हातगाड्या, हमाल, हवेत धूळ. सकाळी सूर्याच्या उलट्या दिशेनं उभं राहिलं तर धुळीत उजेड अडकलेला दिसतो. इथं डीहेझ (धुकटपणा कमी करणारं स्लायडर) वाढवू नका, उलट थोडं कमी करा. हमाल लोक कामात असतात, वाटेत उभं राहायचं नाही, पाठीवर पोतं घेतलेला माणूस तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगतो कारण आपल्या भागाचं खरं भांडवल तेच. जून ते सप्टेंबर बेळगाव, खानापूर, चोर्ल्याची बाजू, सगळीकडे ढगाळ, मऊ, सपाट उजेड. बरीच लोकं म्हणतात सपाट उजेडात फोटो चांगला येत नाही. प्रोसेसिंगसाठी सपाट फोटो सगळ्यात चांगला कच्चा माल हाय, कारण काहीच जळलेलं नसतं, काहीच काळं पडलेलं नसतं, कुठल्याही बाजूला नेता येतंय. छत्र्या, रेनकोट, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला शेतकरी, ओल्या रस्त्यावर रिक्षाच्या लाइटचं प्रतिबिंब. एवढ्यावर आख्खी सिरीज होऊ शकते.

मिरवणुका. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्री निघते आणि गणपती विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालू असतंय. रंग भरपूर, खरं ते एलईडीचे रंग. जांभळा, गडद निळा, लाल एलईडी चेहऱ्यावर पडला की एकच रंगाचा चॅनेल जळतो आणि साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) सगळं बरोबर हाय असं सांगत असतो. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) चालू करा आणि एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं एक्स्पोजर ठेवा. तरी जळला तर रंगीतचा हट्ट सोडा.

कुठं जायचं नाही ते पण ऐका. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आणि लष्कराच्या बाकीच्या जागा हायत, तिथं कॅमेरा बाहेर काढू नका, रस्त्यावरून सुद्धा नाही. सांबऱ्याच्या विमानतळाच्या बाजूला पण तेच. बस स्टँडवर कुणी अधिकाऱ्यानं हटकलं तर वाद न घालता पुढं सरका.

३. कॅमेऱ्याचं सेटिंग

दिवसा शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका, अॅपर्चर एफ/८, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ३२००. २८ मिमी लेन्स फुल फ्रेमवर असेल तर फोकस हातानं ३ मीटरवर लावून सोडून द्या, साधारण दीड-दोन मीटरपासून मागचं बरंचसं शार्प येतं, ऑटोफोकस शोधत बसायला लागत नाही. फोनवाल्यांना ही काळजीच नाही, सेन्सर लहान असतोय.

रात्री दुकानांच्या ट्यूब आणि एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्टे बहुतेक जातात. सायलेंट शटर रात्री बंदच ठेवा.

फोनमधला ब्युटी मोड, एआय सीन वगैरे सगळं बंद. तुम्ही एडिट करायच्या आधी फोननं एडिट करून ठेवलं तर त्यावर तुमचं एडिट बसत नाही.

४. माणसांशी कसं वागायचं

कँडिड म्हणजे चोरून असं नाही. कॅमेरा गळ्यात दिसेल असा ठेवा, एकाच जागी थोडा वेळ थांबा, चहा प्या, लोकं पाच मिनिटांत तुम्हाला विसरतात. फोटो काढल्यावर कुणी बघितलं तर हसून मान हलवा. विचारलं तर खरं सांगा: "मावशी, उजेड चांगला पडलाय तुमच्यावर, म्हणून काढला, बघा की." मामा, अण्णा, अक्का, काका, जे तोंडात बसेल ते. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर दोन शब्द कन्नडमधनं बोलायचा प्रयत्न करा, मोडकं तोडकं चालतंय. "नको" म्हणाले किंवा "बेड" म्हणाले की तिथंच डिलीट, त्यांच्या डोळ्यापुढं.

लहान मुलांचा चेहरा ओळखू येईल असा फोटो आईबापाला विचारल्याशिवाय टाकू नका. फोटो विकणार असाल, जाहिरातीला देणार असाल तर त्या माणसाची लेखी परवानगी घ्या.

आणि जोरात प्रोसेसिंग करणाऱ्यांसाठी एक जादाचं: तुम्ही फोटो दाखवताना कच्चा फोटो दाखवता, नंतर टाकता तो एडिट केलेला. अक्कानं ज्याला हो म्हटलं तो फोटो आणि नंतर तिच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवलेला फोटो ह्यात लई फरक असेल तर तिला फसवल्यासारखं वाटणार. म्हणून आधी सांगा, "ह्याला काळं-पांढरं करणार, जरा वेगळं दिसेल."

५. कुठला फोटो सोसतो, कुठला नाही

इथंच निम्मं काम होतंय, आणि इथंच सगळे घाई करतात. वाईट फोटोवर जोरात एडिट केलं की तो चांगला होतो हा गैरसमज काढून टाका. उलट होतंय. साध्या एडिटमध्ये कमजोर फोटो झाकला जातो, जोराच्या एडिटमध्ये उघडा पडतो.

दोन चाचण्या करा. पहिली, फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. तेवढ्या आकारात पण काय चाललंय ते कळतंय का? एक माणूस, एक हावभाव, एक आकार? कळत असेल तर पुढं जा. दुसरी, सॅच्युरेशन शून्य करा. रंग काढल्यावर माणूस मागच्या भिंतीत मिसळून गेला तर ब्लॅक अँड व्हाइटचा नाद सोडा, तो फोटो रंगावर उभा हाय. रंग काढून पण माणूस उठून दिसला तर तो रांगडं एडिट सोसेल.

चेहऱ्यावरचा बारीक भाव हाच फोटोचा जीव असेल, म्हणजे डोळ्यांतलं काहीतरी, ओठांचा कोपरा, तर त्याला हात लावू नका, हलकं एडिट करून ठेवा. जोराचं एडिट आकार, हालचाल, सावली, गर्दी ह्यांना मानवतं. भावाला नाही.

तसं रस्त्यावरच्या फोटोत जोराचं प्रोसेसिंग हे काही आजचं फॅड नाही. जपानच्या डायडो मोरियामांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी दाणेदार, हललेले, फोकस सुटलेले, काळेपांढरे फोटो काढले आणि प्रिंट करताना कॉन्ट्रास्ट मुद्दाम टोकाला नेला. हाँगकाँगच्या फॅन हो ह्यांच्या १९५४ च्या एका गाजलेल्या फोटोत भिंतीवरची तिरपी सावली चक्क डार्करूममध्ये घातलेली हाय. तो फोटो मात्र ठरवून, मॉडेल उभी करून काढलेला, कँडिड नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, आठव्या पायरीत लागेल.

६. एडिट कुठल्या क्रमानं करायचं

क्रम चुकला की मागं-पुढं पळत बसावं लागतंय. हा क्रम धरा:

आधी क्रॉप आणि आडवं-उभं सरळ करणं. मग व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, काळा आणि पांढरा बिंदू. इथपर्यंत सगळं साधं, नीट. ह्या टप्प्याला एक कॉपी सेव्ह करून ठेवा, नाव द्या साधा. मग मोठा बदल, म्हणजे लूक. मग मास्क लावून माणूस आणि पार्श्वभूमी वेगळी करणं. ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा दाणेदारपणा, सगळ्यात शेवटी. शार्पनिंग त्याच्या आधी.

आता लूक. चार सांगतो, ह्यातल्या पहिल्यावर हात बसला की बाकीचे सोपे.

काळंकुट्ट ब्लॅक अँड व्हाइट. फोटो काळापांढरा करताना सॅच्युरेशन शून्य करू नका, रंगांचं मिक्सर असलेलं टूल वापरा. निळा खाली घ्या: आकाश आणि निळी ताडपत्री काळी पडते. हिरवा तुमच्या मर्जीनं. केशरी रंगात माणसांची कातडी असते, त्याला हळू हात लावा, थोडं वर नेलं तर चेहरा उजळतो, खाली नेलं तर करपतो. मग कर्व्हला इंग्रजी एसचा आकार द्या, खालचा भाग चांगला दाबा, सावल्यांत काही दिसलं नाही तरी चालेल, तीच गंमत हाय. शेवटी मास्क लावून चेहऱ्यावरचा उजेड अर्धा स्टॉप परत आणा. स्नॅपसीडमध्ये हे करायला आधी केलेल्या एडिटच्या यादीत जायचं आणि ब्रशनं ते एडिट फक्त हवं तिथं लावायचं. ही सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते, सगळा फोटो एकसारखा रगडत बसतात.

ब्लीच बायपास. फिल्मच्या काळात रंगीत फिल्म धुताना ब्लीचची पायरी गाळायचे, त्यामुळं चांदी फिल्मवरच राहायची आणि रंगीत चित्रावर काळंपांढरं चित्र चढवल्यासारखं दिसायचं. कॉन्ट्रास्ट जास्त, रंग मेलेले. गिंपमध्ये हे अगदी तसंच करता येतं: लेयरची कॉपी करा, ती काळीपांढरी करा, मोड ओव्हरले ठेवा, ऑपॅसिटी ५० ते ७० टक्के. खालच्या लेयरचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. वडगाव-शहापूरच्या जुन्या भिंती, पत्र्याची दारं, सायकलवर सुताचे गठ्ठे नेणारा माणूस, अशाला हा लूक जबरदस्त बसतो. सणाच्या फोटोला लावू नका, दिवाळी पण मयतासारखी दिसते.

क्रॉस प्रोसेस. स्लाइड फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या केमिकलमध्ये धुवायची, म्हणजे ई-६ ची फिल्म सी-४१ मध्ये. रंग पिसाळल्यासारखे यायचे. आता कर्व्हनं करतात: लाल चॅनेलला ठळक एस, हिरव्याला हलका एस, आणि निळ्याला उलटा, म्हणजे सावलीत वर आणि उजेडात खाली. सावल्या निळसर होतात, उजेड पिवळट. सीबीटीवर (मध्यवर्ती बस स्टँडवर) उभ्या लाल एसट्या, रसवंतीची गाडी, जुनी पोस्टर लावलेली भिंत, ह्यांना छान दिसतं. चेहरा मोठा असलेल्या फोटोला मात्र नाही, माणूस आजारी वाटतो.

पावसाळी धुकं. क्लॅरिटी (बारीक तपशिलाचा उठाव) उणे ३० ते ५०, डीहेझ उणे १० ते २०, कर्व्हचं अगदी खालचं टोक थोडं वर उचला म्हणजे काळा रंग राखाडी होतो. मग छत्रीवर किंवा माणसावर गोल मास्क टाकून तिथंच क्लॅरिटी आणि कॉन्ट्रास्ट परत आणा. रिक्षाच्या, दुकानाच्या लाइटवर थोडा पिवळेपणा. एवढंच. खोटं धुकं घालणारे टेक्स्चर वापरू नका, आपल्याकडं खरं धुकं लागेल तेवढं हाय.

ह्यात एचडीआर नाही हे लक्षात आलं असेल. माणसाच्या डोक्याभोवती पांढरी कडा, आकाश राखेचं, रस्त्यावरचा प्रत्येक खडा चमकतोय, असला प्रकार कुणीतरी सुरू केला आणि अजून संपत नाही. क्लॅरिटी, स्ट्रक्चर, एचडीआर स्केप, ड्रामा हे चारही एकाच फोटोवर लावले की तसंच होतंय. एक निवडा. आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्यांवर क्लॅरिटी १०० करून लाइक गोळा करणं तर मला अजिबात पटत नाही. आजोबा कट्ट्यावर बसून पेपर वाचतायत, त्यांना दगडात कोरल्यासारखं करून काय मिळवलं?

७. केशरी स्लायडरचा सापळा

ही पायरी कुठल्या व्हिडिओत सापडणार नाही कारण ती आपल्या भागाचीच हाय.

आपल्याकडच्या फोटोत केशरी रंगाच्या पोटात किती गोष्टी असतात बघा: माणसांची कातडी, लाल माती, कौलं, झेंडूची फुलं, भगवा झेंडा, फेटे. केशरीची छटा पिवळ्याकडं सरकवली की कातडी पिवळी होते हे तर झालंच, खरं भगवा झेंडा पण पिवळा होतो. पिवळ्याच्या शेजारी कुठं लाल कापड असलं तर तो पिवळा-लाल जोड बघणाऱ्याच्या मनात कर्नाटकचा झेंडा होऊन बसतो. उलट केशरी लालकडं नेलं की भगवा नुसता लाल दिसतो, आणि पिवळा केशरीकडं नेलात तर पिवळा-लाल झेंडा भलताच कायतरी होऊन बसतो. बेळगावात ह्या रंगांवरून काय काय होतंय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला फक्त टील-ऑरेंज (निळसर-हिरवा आणि केशरी) लूक हवा होता आणि खाली कमेंटमध्ये दोन राज्यांचं भांडण सुरू.

म्हणून फ्रेममध्ये झेंडा, पताका, फेटा, कुठल्याही संघटनेचं कापड असेल तर छटा बदलायचीच नाही. सॅच्युरेशन कमी-जास्त करा, उजेड कमी-जास्त करा, छटा नाही. छटा बदलणं भागच असेल तर झेंड्यावर मास्क टाकून तेवढा भाग मूळ रंगात ठेवा, नाहीतर सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

दुकानांच्या बोर्डांचं पण तसंच. एकाच रस्त्यावर कन्नड, मराठी, इंग्रजी पाट्या असतात. क्रॉप करताना, कडा काळ्या करताना एका भाषेची पाटी अंधारात गेली आणि दुसरी उजेडात राहिली तर तुमच्या मनात काही नसलं तरी लोकं अर्थ काढणारच. फोटो त्या पाट्यांचाच असेल तर दोन्ही सारख्या वाचता येतील असं ठेवा. नसेल तर दोन्ही सारख्याच दाबा.

कातडीसाठी साधा उपाय: लूक लावायच्या आधीच चेहरे, हात ह्यांवर एक मास्क करून ठेवा आणि लूकचा जोर तिथं निम्म्यावर आणा. चित्रविचित्र आकाश लोकं माफ करतात, हिरवा चेहरा करत नाहीत.

८. काय हलवायचं नाही

आता बऱ्याच ॲपमध्ये बोट फिरवलं की माणूस गायब, वायर गायब, कचऱ्याचा डबा गायब. एआयनं रिकामी जागा भरून पण देतं. रस्त्यावरच्या कँडिड फोटोत हे करू नका. विजेच्या वायरींचं जाळं हेच तर आपल्या गल्ल्यांचं आकाश हाय, ते पुसून काय राहणार.

स्पर्धेत फोटो पाठवायचा असेल तर नियम आधी वाचा. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो फाईलमध्ये फेरफार सापडल्यामुळं बाद झाले होते. कुणी बारीकसारीक गोष्टी पुसल्या होत्या, कुणी एखादा भाग इतका काळा केला होता की तिथलं सगळं नाहीसं झालं. हे दुसरं कारण आपल्याला थेट लागू होतंय: कडा अंधारात बुडवणं पण कधीकधी पुसण्यासारखंच. कलेच्या किंवा ओपन विभागात पाठवलात तर मोकळीक जास्त, बातमीच्या, डॉक्युमेंटरीच्या विभागात जवळजवळ नाहीच. रॉ फाईल मागतात, म्हणून डिलीट करू नका.

दोन फोटो एकात मिसळायचे असतील, डबल एक्स्पोजर वगैरे, तर खुशाल करा, खरं तो कँडिड म्हणून टाकू नका. खाली एका ओळीत लिहा की दोन फोटो जोडलेत. लपवलं आणि कुणी पकडलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या फोटोंवर पण संशय येतो.

९. ग्रेन, सेव्ह आणि प्रिंट

ग्रेन शेवटच्या आकारावर घाला. मोठ्या फाईलवर घातलेला ग्रेन इन्स्टावर १०८० पिक्सेलला लहान झाला की नाहीसा होतो, आणि बारीक ग्रेन असला तर कॉम्प्रेशनमध्ये त्याचा गाळ होतो. इन्स्टासाठी वेगळी कॉपी: आधी रुंदी १०८०, मग ग्रेन, थोडा जाडसर.

प्रिंटसाठी कलर स्पेस एसआरजीबी, ३०० डीपीआय. ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. लॅबवाल्याला आधीच सांगा, "दादा, तुमच्याकडनं कलर करेक्शन नको, आहे तसंच काढा," नाहीतर तो प्रेमानं तुमचा काळाकुट्ट फोटो उजळून देतो, त्याला वाटतं पोराचा फोटो अंधारात आलाय. आधी एक ४ बाय ६ ची प्रिंट काढून बघा. फोनचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं असेल तर प्रिंट नक्की काळपट येते. एडिट करताना ब्राइटनेस निम्म्यावर, आणि रात्री झोपायच्या आधी डोळे ताणून केलेलं एडिट सकाळी परत बघितल्याशिवाय कुठंही टाकायचं नाही. सकाळी बघितलं की बहुतेक वेळा लूकचा जोर तिसरा हिस्सा कमी करावासा वाटतो. करा. त्या साधा नावाच्या कॉपीशेजारी ठेवून बघितलं की कुठं अति झालं ते लगेच कळतं.

१०. टाकल्यानंतर कुणी "काढ" म्हणालं तर

काढायचा. कायद्यानं रस्त्यावर फोटो काढायला साधारण मनाई नाही वगैरे युक्तिवाद खरा असला तरी तो तिथं करायचा नाही. बाजारात परत तुम्हालाच जायचंय. कधीकधी हरकत फोटोला नसते, एडिटला असते, "मला एवढं काळं का केलास" असं म्हणतात. तर विचारा, साधा चालेल का? बरेचदा चालतो, उलट घरात लावायला मागतात. मग ४ बाय ६ ची प्रिंट काढून नेऊन द्या, पुढच्या वेळी त्याच गल्लीत कुणी अडवत नाही आणि दुकानदारच सांगतोय, "हिकडं उभा ऱ्हा, हितनं उजेड चांगला पडतोय बघ."